सापळ्यांच्या नोंदींतून नेमकी घरे निवडताना : कीड सर्वेक्षण आणि आर भाषेतील सारणी

गुलाबी बोंडअळी एकदा बोंडात शिरली की तिच्यापर्यंत फवारणी पोहोचत नाही. पतंगाने घातलेली अंडी उबण्याच्या आणि अळी बोंडात शिरण्याच्या मधल्या अल्प काळातच नियंत्रणाचा उपाय कामी येतो. म्हणूनच कपाशीत लावलेल्या कामगंध सापळ्यांतील नर पतंगांच्या नोंदी हा केवळ कागदोपत्री सोपस्कार नसून निर्णयाचा आधार असतो. प्रति सापळा प्रति रात्र ८ पतंग, आणि तेही सलग तीन रात्री, ही या किडीची सर्वमान्य आर्थिक नुकसानीची पातळी आहे. १० टक्के प्रादुर्भावग्रस्त फुले किंवा हिरवी बोंडे हा तिच्या जोडीचा दुसरा निकष. या पातळीच्या व्याख्येतील ‘सलग’ हा एक शब्द संगणकावरील विश्लेषणात किती सहज हरवतो, हे प्रस्तुत लेखात पुढे दिसेल.

महाराष्ट्रात २००८ च्या खरीप हंगामात विदर्भ व मराठवाड्यातील सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाला. त्यानंतर राज्याच्या कृषी विभागाने राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्र आणि राज्यातील कृषी विद्यापीठे यांच्या साहाय्याने २००९-१० पासून कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू केला. ‘क्रॉपसॅप’ या नावाने तो गावोगावी परिचित आहे. निवडक गावांतील ठरावीक शेतांमधून निरीक्षणे घ्यायची, ती संगणकावर भरायची, पातळी ओलांडलेली गावे शोधायची आणि त्यानुसार सल्ला द्यायचा, असा त्याचा क्रम. या साखळीतील ‘पातळी ओलांडलेली गावे शोधायची’ हा दुवा वरकरणी यांत्रिक वाटतो. प्रत्यक्षात मोठ्या सारणीतून नेमकी घरे निवडण्याचे ते काम आहे, आणि तेथे झालेली चूक दोन्ही बाजूंनी महागात पडते. इशारा चुकला तर २०१७ प्रमाणे बोंडे किडतात. नको तेथे इशारा गेला तर विनाकारण फवारणी होते. त्याच २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, हे विस्तार कार्यकर्त्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही. टाळता येणारी प्रत्येक फवारणी टाळणे हा खर्चाइतकाच जिवाचाही प्रश्न आहे.

अशा नोंदींच्या विश्लेषणासाठी कृषी संशोधन संस्थांमध्ये आज ‘आर’ ही सांख्यिकी संगणकभाषा मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी ती १९९० च्या दशकाच्या प्रारंभी विकसित केली आणि २९ फेब्रुवारी २००० रोजी तिची १.०.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. ती विनामूल्य आहे, त्यामुळे तालुका पातळीवरील कार्यालयात किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या संगणकावरही ती बसवता येते. लेखातील आज्ञांची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत; संगणकावर ती इंग्रजी अक्षरांतच टंकावी लागतात. आकड्यांनाही तोच नियम लागू आहे. देवनागरी अंकांत भरलेली नोंद आर भाषेला संख्या म्हणून कळत नाही, ती तिला शब्द समजते.

समजण्यासाठी एक छोटी सारणी घेऊ. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. पाच सापळे ओळींत, सात रात्री स्तंभांत, आणि प्रत्येक घरात त्या रात्री सापडलेले पतंग. चौथ्या सापळ्याची तिसऱ्या रात्रीची नोंद पावसामुळे घेता आली नाही, म्हणून तेथे आडवी रेघ आहे.

सापळा १ : ३, ५, ९, ८, ११, ६, ४
सापळा २ : ८, ९, ७, १०, १२, ७, ८
सापळा ३ : २, १, ०, ३, २, ४, ३
सापळा ४ : ६, ८, —, ९, ५, ६, ४
सापळा ५ : ४, ६, ५, ७, ८, ९, १०

या सारणीला ‘स’ म्हणू. आर भाषेत ती ‘मॅट्रिक्स’ या स्वरूपात ठेवली जाते. मॅट्रिक्समध्ये सर्व घरांत एकाच प्रकारचा मजकूर असतो. स[४, २] असे लिहिले की चौथ्या ओळीतील दुसऱ्या स्तंभाचे घर मिळते, म्हणजे ८. स[२, ] लिहिले की दुसऱ्या सापळ्याची संपूर्ण ओळ आणि स[, ५] लिहिले की पाचव्या रात्रीचा संपूर्ण स्तंभ. इथवर बहुतेक प्रशिक्षणवर्गांत शिकवले जाते. त्यापुढची एक गोष्ट मात्र अनेकदा सुटते: संगणकाच्या स्मृतीत ही सारणी सारणी म्हणून नसतेच. ती ३५ आकड्यांची एकच लांब रांग असते. पहिला स्तंभ वरून खाली, मग दुसरा स्तंभ वरून खाली, अशा क्रमाने घरे एकामागे एक ठेवलेली असतात. ओळी पाच आणि स्तंभ सात, एवढी खूण तिला जोडलेली असते. त्यामुळे प्रत्येक घराला ओळ-स्तंभाच्या पत्त्याखेरीज एक रांगेतला क्रमांकही असतो. स्तंभाच्या क्रमांकातून १ वजा करून ओळींच्या एकूण संख्येने गुणावे आणि त्यात ओळीचा क्रमांक मिळवावा. चौथ्या सापळ्याच्या तिसऱ्या रात्रीचे रिकामे घर अशा रीतीने २ गुणिले ५ अधिक ४, म्हणजे १४ वे ठरते. स[१४] आणि स[४, ३] यांचे उत्तर एकच.

स्तंभांच्या या क्रमावर पुढच्या जवळजवळ सर्व खुब्या आणि जवळजवळ सर्व फसगती अवलंबून आहेत. एक व्यावहारिक निष्कर्ष लगेच निघतो. ज्या बाजूने वारंवार निवड करायची ती बाजू स्तंभांत ठेवावी, कारण एका स्तंभातील घरे स्मृतीत लगतची असतात आणि ती उचलणे जलद होते. ‘सलग रात्री’ तपासायच्या असतील तर रात्री स्तंभांत आणि सापळे ओळींत, ही मांडणी सोयीची.

आता पातळी ओलांडलेली घरे निवडू. नवशिका अभ्यासक येथे बहुधा दुहेरी फेरा लिहितो: प्रत्येक सापळा घ्या, त्याची प्रत्येक रात्र घ्या, आकडा ८ किंवा अधिक आहे का पाहा, असल्यास यादीत जोडा. उत्तर बरोबर येते. पण आर भाषेत एकेका घराला हात लावणे सावकाशीचे काम आहे, आणि यादी प्रत्येक वेळी एकेका आकड्याने वाढवणे त्याहून सावकाशीचे, कारण प्रत्येक वाढीला जुनी यादी नव्या जागी पुन्हा उतरवली जाते. संपूर्ण सारणीला एकदाच प्रश्न विचारणे हा त्यावरचा मार्ग आहे. स >= ८ एवढेच लिहिले की त्याच आकाराची, पण आकड्यांऐवजी ‘सत्य’ व ‘असत्य’ असलेली सारणी तयार होते. तिला ‘उ’ म्हणू. चाळणीसारखा तिचा उपयोग होतो: स[उ] लिहिले की जेथे सत्य आहे तेवढेच आकडे बाहेर पडतात.

वरील सारणीत ८ किंवा त्याहून अधिक पतंगांच्या नोंदी १३ आहेत. स[उ] मात्र १४ उत्तरे देते. चौदावे उत्तर म्हणजे ‘एनए’, अर्थात ‘माहिती उपलब्ध नाही’. ज्या रात्री नोंदच नाही त्या रात्री पतंग ८ पेक्षा जास्त होते का, या प्रश्नावर आर भाषा प्रामाणिकपणे ‘ठाऊक नाही’ असे म्हणते आणि ते ‘ठाऊक नाही’ उत्तरांत तसेच मिसळते. केवळ खात्रीची घरे हवी असतील तर ‘व्हिच’ ही आज्ञा वापरावी. ती सत्य असलेल्या घरांचे क्रमांक देते आणि अज्ञात घरे वगळते. येथे तिचे उत्तर २, ७, ९, ११, १६ अशा क्रमाने सुरू होऊन ३५ वर संपते. रांगेतले हे क्रमांक वाचून कोणालाही बोध होणार नाही; म्हणून त्याच आज्ञेला ‘एआरआर-आयएनडी’ हा पर्याय सत्य करून द्यावा, म्हणजे प्रत्येक घराची ओळ आणि स्तंभ वेगवेगळे मिळतात. ओळींना गावांची नावे आधी दिलेली असतील तर तीही शेजारी छापली जातात.

पण १३ घरे मिळाली म्हणजे काम झाले असे नाही. निकष ‘सलग तीन रात्री’ असा आहे. यासाठी फेरा लिहिण्याचा मोह पुन्हा होतो, आणि पुन्हा तो टाळता येतो. ‘उ’ या चाळणीचे तीन सरकते तुकडे घ्यावेत: पहिली ते पाचवी रात्र, दुसरी ते सहावी, तिसरी ते सातवी. तिन्ही तुकडे पाच ओळी व पाच स्तंभांचे. ते एकमेकांवर ठेवून ‘आणि’ या चिन्हाने जोडावेत:

त = उ[, १:५] & उ[, २:६] & उ[, ३:७]

‘त’ या नव्या सारणीच्या एखाद्या घरात सत्य असेल तर त्या रात्रीपासून सलग तीन रात्री पातळी ओलांडली आहे. पाच सापळे असोत की पाच हजार, आज्ञा हीच राहते. रात्रींची संख्या ‘न’ या अक्षराने लिहिताना कंसांची काळजी घ्यावी. १:न-२ असे लिहिल्यास आर भाषा आधी १ ते न ही रांग बनवते आणि मग तीतील प्रत्येक आकड्यातून २ वजा करते. हवे असते ते १:(न-२). यातली गंमत अशी की १:न-१ ही तशीच सदोष रचना बहुधा बरोबर उत्तर देऊन जाते, कारण तिच्यातून निघणारा शून्य क्रमांक आर भाषा गुपचूप टाकून देते. योगायोगाने बरोबर आलेला कार्यक्रम पुढच्या हंगामात कोणी थोडा बदलतो आणि मग तो कोसळतो.

निकाल पाहू. पहिल्या सापळ्यात तिसऱ्या ते पाचव्या रात्री पातळी ओलांडली गेली. पाचव्यात पाचव्या ते सातव्या रात्री, म्हणजे धोका आजचा आहे. दुसऱ्या सापळ्यात पाच रात्री ८ किंवा अधिक पतंग आले, सर्व सापळ्यांत सर्वाधिक. पण तिसरी व सहावी रात्र ७ वर थांबल्याने सलग तीन कोठेच नाहीत. आता साप्ताहिक सरासरी पाहिली तर चित्र नेमके उलटे होते. दुसऱ्या सापळ्याची सरासरी सुमारे ८.७, पहिल्याची सुमारे ६.६ आणि पाचव्याची ७. सरासरीवर यादी काढणारा कार्यक्रम एकट्या दुसऱ्या सापळ्याला धोक्यात दाखवील आणि निकषानुसार पात्र असलेले दोन्ही सापळे सोडून देईल. अहवालांत साप्ताहिक सरासरीचा स्तंभ दिसायला आटोपशीर असतो, म्हणून तो आवडतो. गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत त्यावरून इशारा काढणे अयोग्य आहे. अर्थात दुसऱ्या सापळ्याच्या शेतकऱ्याने निर्धास्त राहावे असाही याचा अर्थ नाही. ७ आणि ८ मधील अंतर एका पतंगाचे आहे. अशा शेतात जाऊन डोमकळ्या शोधाव्यात, २० हिरवी बोंडे फोडून पाहावीत. दुसरा निकष त्यासाठीच आहे.

चौथ्या सापळ्याचे काय? दुसऱ्या रात्री ८, तिसरी अज्ञात, चौथीत ९. येथे आर भाषेचे तर्कशास्त्र लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. सत्य आणि अज्ञात यांची जोड अज्ञात. असत्य आणि अज्ञात यांची जोड मात्र असत्य, कारण अज्ञात काहीही निघाले तरी तिन्ही अटी पूर्ण होणार नाहीत हे आधीच ठरले. त्यामुळे चौथ्या सापळ्याच्या ओळीत दुसऱ्या रात्रीपासूनचे एकच घर अज्ञात राहते, बाकी सर्व असत्य. हा निष्कर्ष अनुभवी सर्वेक्षकाच्या विचाराशी तंतोतंत जुळतो: त्या एका रात्रीची नोंद असती तर निर्णय फिरला असता. अज्ञात घरांना शून्य मानण्याची रीत काही ठिकाणी रूढ आहे, ती मोडायला हवी. शून्य पतंग आणि न घेतलेली नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून यादी दोन काढाव्यात: ‘रोसम्स’ ने ‘त’ मधील सत्य घरे ओळवार मोजून इशाऱ्याच्या सापळ्यांची एक, आणि ‘इज-एनए’ ने अज्ञात घरे शोधून पुन्हा भेट द्यायच्या सापळ्यांची दुसरी.

अधिक घातक फसगत रसशोषक किडींच्या नोंदींत होते. समजा ओळींत सहा शेते आहेत आणि चार स्तंभांत मावा, तुडतुडे, फुलकिडे व पांढरी माशी यांची प्रति पान संख्या. पातळ्या अनुक्रमे १०, २, १० व ८ धरल्या. चार आकड्यांची ही रांग ‘प’ म्हणून ठेवली आणि सारणी >= प असे लिहिले, तर वाचणाऱ्याला वाटते की प्रत्येक स्तंभ त्याच्या पातळीशी ताडला गेला. तसे होत नाही. आर भाषा सारणीच्या लांब रांगेवरून, स्तंभ वरून खाली उतरत, चार पातळ्या पुन्हा पुन्हा फिरवते. परिणामी माव्याच्या स्तंभातील पहिले शेत १० शी ताडले जाते, दुसरे २ शी, तिसरे १० शी, चौथे ८ शी, पाचवे पुन्हा १० शी. दुसऱ्या शेतात प्रति पान ३ मावा असला तरी इशारा निघतो. तुडतुड्यांच्या स्तंभातील पहिले शेत १० शी ताडले जाते, त्यामुळे तेथे प्रति पान ५ तुडतुडे असूनही ते सुरक्षित ठरते. एका शेतात विनाकारण फवारणी, दुसऱ्यात पाने लाल पडेपर्यंत दुर्लक्ष.

लांबी न जुळल्यास आर भाषा एरवी सूचना देते, असे येथे कोणी म्हणेल. येथे ती कधीच देणार नाही. सूचना तेव्हाच येते जेव्हा मोठ्या रांगेची लांबी छोट्या रांगेच्या पटीत नसते. सारणीत चार स्तंभ असतील तर घरांची एकूण संख्या शेते कितीही असली तरी चारच्या पटीतच असणार. म्हणजे स्तंभवार पातळ्या ताडताना होणारी ही चूक सदैव निःशब्दच राहते. उपाय साधे आहेत. ‘स्वीप’ ही आज्ञा नेमकी यासाठीच आहे. तिला सारणी, दिशा म्हणून २ हा आकडा, पातळ्यांची रांग आणि ताडण्याचे चिन्ह दिले की प्रत्येक स्तंभ त्याच्या पातळीशीच ताडला जातो. किंवा ‘रेप’ च्या ‘ईच’ या पर्यायाने प्रत्येक पातळी शेतांच्या संख्येइतकी लागोपाठ लिहून घ्यावी. पातळ्या ओळींनुसार बदलत असतील तर गोष्ट वेगळी. भातात खोडकिडीची पातळी पिकाच्या अवस्थेनुसार बदलते. गुम्मिडिपूंडीसारख्या तमिळनाडूच्या किनारी भागातल्या भातशेतीत काय किंवा कोकणात काय, एकाच आठवड्यात कोठे फुटवे असतात तर कोठे लोंब्या. तेथे ओळ म्हणजे शेत आणि पातळी शेताच्या अवस्थेची, म्हणून ओळींइतक्याच लांबीची रांग थेट ताडली तरी उत्तर बरोबर येते. कारण तेच: रांग स्तंभातून वरून खाली फिरते.

प्रत्येक ओळीतून एकच, पण वेगवेगळ्या स्तंभातले घर हवे असते, तेव्हा वेळ आणि स्मृती यांची खरी बचत होते. सापळ्यातील ल्युर, म्हणजे गंधगोळी, ठरावीक काळाने बदलावी लागते आणि सर्व सापळ्यांत ती एकाच रात्री बदलली जात नाही. समजा वरील पाच सापळ्यांत ती अनुक्रमे रात्र ३, ५, २, ४ व ६ रोजी बदलली आणि नेमक्या त्या रात्रींचे पतंग हवे आहेत. स[१:५, रात्री] असे लिहिल्यास पाच उत्तरे मिळत नाहीत. पाच ओळी गुणिले पाच स्तंभ, अशी २५ घरांची सारणी मिळते, आणि हवी ती पाच घरे तिच्या कर्णावर बसलेली असतात. अनेक जण मग कर्ण काढून घेतात. पाच सापळ्यांना ते चालते. ५०० सापळ्यांना २,५०,००० घरे उचलून त्यांतली ५०० ठेवायची. २०,००० सापळ्यांना ४० कोटी घरे, म्हणजे पूर्णांकाला ४ बाइट धरले तरी सुमारे १.६ गिगाबाइट स्मृती, २०,००० आकड्यांसाठी. कार्यालयातला साधा संगणक येथेच थबकतो, आणि दोष आर भाषेला दिला जातो.

योग्य रीत अशी. ‘सीबाइंड’ ने सापळ्यांचे क्रमांक आणि रात्रींचे क्रमांक शेजारी शेजारी लावून दोन स्तंभांची पत्त्यांची यादी करावी आणि ती संपूर्ण यादीच चौकटी कंसात द्यावी: स[सीबाइंड(१:५, रात्री)]. आर भाषा प्रत्येक ओळ एक पत्ता समजते आणि पाच पत्त्यांची पाचच घरे देते: ९, १२, १, ९, ९. रांगेतील क्रमांक हिशेबाने काढूनही हेच मिळते. ते येथे ११, २२, ८, १९ व ३० येतात. वेगाच्या दृष्टीने दोन्ही रीती उत्तम. तरी विस्तारकार्यात पहिलीच श्रेयस्कर, कारण ती चुकीचा पत्ता ओळखते. सापळे पाच असताना एखाद्याने तिसऱ्या रात्रीसाठी सहावा सापळा लिहिला तर पत्त्यांची यादी ‘पत्ता सारणीबाहेरचा’ म्हणून काम थांबवते. क्रमांकाचा हिशेब मात्र २ गुणिले ५ अधिक ६, म्हणजे १६ काढतो आणि पहिल्या सापळ्याच्या चौथ्या रात्रीचा ८ हा आकडा बिनदिक्कत हाती ठेवतो. एका गावाचे पतंग दुसऱ्या गावाच्या नावावर.

आणखी दोन लहान खड्डे. निवड केल्यावर एकच ओळ उरली तर आर भाषा सारणीची चौकट काढून टाकते आणि साधी रांग देते. ज्या गावात एकच सापळा चालू आहे त्या गावापाशी ‘रोसम्स’ अडखळते. यावर निवडताना ‘ड्रॉप’ हा पर्याय असत्य ठेवणे हा इलाज. दुसरा अधिक गंभीर. नोंदच नसलेल्या ओळी वगळण्यासाठी ‘व्हिच’ च्या उत्तरापुढे उणे चिन्ह लावण्याची पद्धत आहे. वगळण्याजोगी ओळ असेल तोवर ती ठीक चालते. एकही ओळ वगळायची नसेल, म्हणजे नोंदी परिपूर्ण असतील, तर ‘व्हिच’ चे उत्तर रिकामे येते. रिकाम्याचे उणे रिकामेच, आणि रिकामी निवड म्हणजे शून्य ओळी. सर्वेक्षकांनी ज्या आठवड्यात एकही नोंद चुकवली नाही, त्याच आठवड्यात संपूर्ण तालुका यादीतून नाहीसा होतो आणि अहवालात ‘प्रादुर्भाव नाही’ असे छापले जाते. उणे क्रमांकांऐवजी ‘नाही’ या चिन्हाने उलटलेली सत्य-असत्याची चाळणी वापरल्यास हा प्रसंग उद्भवत नाही.

हे सर्व होण्याआधी सारणी खरोखर आकड्यांची आहे ना, हे पाहावे. फाइलमधून वाचलेली नोंदवही प्रथम ‘डेटाफ्रेम’ या स्वरूपात येते. तिच्यात गावाच्या नावाचा स्तंभ असताना तिचे थेट मॅट्रिक्स केले, किंवा न घेतलेल्या नोंदीसाठी कोणी ‘नाही’ असा शब्द वा रेघ भरली, तर आकडेही शब्द बनतात. शब्दांची तुलना शब्दकोशाच्या क्रमाने होते आणि त्या क्रमात ११ हा ८ च्या आधी येतो. मग ८ आणि ९ पतंगांच्या रात्री धोक्याच्या ठरतात, तर १०, ११, १२ पतंगांच्या रात्री सुरक्षित. जितका प्रादुर्भाव तीव्र तितका तो अदृश्य. यासाठी नावांचा स्तंभ बाजूला काढून त्याची ओळींची नावे करावीत, न घेतलेल्या नोंदीचे घर मोकळे सोडावे आणि ‘इज-न्युमरिक’ ने एकदा विचारून घ्यावे. उत्तर असत्य आले तर कोणत्या स्तंभात कोणता शब्द शिरला आहे ते शोधून मगच पुढे जावे. सर्वेक्षकाला नोंद भरतानाच हे सांगितलेले बरे, कारण सापळ्यापाशी पाऊस होता की सापळा रिकामा होता, हे फक्त त्यालाच माहीत असते.